कॅन्सरच्या पेशींना केमोची सवय होते का? मग औषध बदलून उपयोग काय?

सवय होत नाही. कोट्यवधी पेशींमध्ये काही आधीपासूनच वेगळ्या असतात. औषधाने बाकीच्या मरतात, या उरतात आणि वाढतात. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी परत कशी आली, हे विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तसंच हे.

माझ्या बाबांना सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब (केमो नव्हे, कॅन्सरच्या एका प्रथिनालाच अडवणारं औषध) चालू होतं, जेनेरिक, मेडिकल चौकातून आणलेलं. काउंट छान उतरले होते. मग पीसीआरचा, म्हणजे रक्तात कॅन्सर किती उरलाय ते मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा वर सरकायला लागला आणि मामांनी घर डोक्यावर घेतलं, "सस्त्या गोळ्या चारल्या भाऊजीले, मंग काय होईन!" आईने ते मनाला इतकं लावून घेतलं की जेवण तुटलं तिचं.

डॉक्टरांनी म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, तपासणी करायला लावली. रिपोर्टमध्ये एकच ओळ कामाची होती: वाय२५३एच. हा कॅन्सर वाढवणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनात २५३व्या जागी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलेलं. त्यामुळे इमॅटिनिब तिथे नीट चिकटतच नाही, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. या बदलावर निलोटिनिबही फारसं चालत नाही, डासाटिनिब चालतं. तेच सुरू केलं आणि आकडा उतरला. टी३१५आय हा बदल निघाला असता तर ही तिन्ही फुकट, पोनाटिनिबसारखं औषध लागलं असतं. औषध बदलायचं ते असं, रिपोर्ट बघून.

केमोत आणखी एक भानगड असते. पेशीच्या आवरणावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, १९७६ साली सापडलेला. तो डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं बाहेर फेकतो. पंप बंद पाडायची औषधं प्रयोगशाळेत चालली, रुग्णांवर फसली. निरोगी अवयवांनाही तो पंप लागतोच. एका औषधातून वाचलेली पेशी दुसऱ्याने मरावी म्हणून वेगवेगळ्या पद्धतीने मारणारी औषधं एकत्र देतात.

जेनेरिक घेणाऱ्याला कंजूष ठरवणं मला अजिबात सहन होत नाही. सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला नोव्हार्टिस कंपनीचा इमॅटिनिबवरचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आमच्यासारख्यांना ही गोळी परवडली. तुमच्या घरीही कुणी असं बोलत असेल तर त्याच्या हातात रिपोर्ट द्या. आम्ही दिला. मामा आजही मानत नाहीत.

गोळ्या चुकवल्या तरी आकडा चढतो, ते आधी तपासा. बाबांची एकही चुकली नव्हती, डबी मीच भरायची. आणि साध्या केमोत बहुतेक ठिकाणी असा एका ओळीचा रिपोर्ट मिळत नाही; तिथे स्कॅन आणि इतर तपासण्या बघून डॉक्टर पुढचं औषध ठरवतात.