प्रश्न घेऊन मैदानात उतर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

जुन्या लढाया मैदानात पुन्हा उभ्या करणारी तुझी तुकडी सोडावी म्हणतेस. वर्गात कुणीतरी म्हणालं की ही री-एनॅक्टमेंट म्हणजे मोठ्या माणसांनी पोशाख चढवून खेळलेली लुटुपुटूची लढाई. ते तुला एवढं लागलं, कारण मनातून तुलाही तसंच वाटायला लागलंय. मग सरळ विचारतो: गेल्या वेळी मैदानात उतरलीस ती कुठला प्रश्न घेऊन? पत्रात गणवेशाचं कापड आहे, बुटांची शिलाई आहे, प्रेक्षकांची गर्दी आहे. प्रश्न कुठेच नाही.

ओढ कशाची असते ते मी जाणतो. ढोल सुरू झाला आणि सगळ्यांची पावलं एकदम पडायला लागली की अंगावर काटा येतो. त्याची लाज बाळगू नकोस. पण तो काटा त्या काळच्या पोरांनाही येत असणार, आणि त्यांना रांगेत पुढे न्यायला तोच कामी आला असणार. आला की नाही प्रश्न हाती?

ठासणीची बंदूक उचल. वॉटर्लूच्या लढाईत, 1815 साली, ब्रिटिश शिपायाच्या खांद्यावर होती ती ब्राउन बेस, सुमारे साडेचार किलोची. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या खाचेत, उरलेली नळीत. तो शिपाई त्यावर गोळी ठासायचा. आपण गोळी घालत नाही, सुरक्षेसाठी बहुतेक ठिकाणी ठासायचा गजही बाहेर काढू देत नाहीत. कसलेला माणूस मिनिटाला तीन बार काढायचा. तू काढून बघ. चार-पाच काडतुसांत ओठ काळे होतात, दारूतल्या सोऱ्याने तोंड खारट होतं, घशाला कोरड पडते. पखालीवाल्याची किंमत तिथे कळते. दोन-तीन फैरींनंतर पांढरा धूर असा दाटतो की शेजारचा माणूसही धड दिसत नाही. वाचताना लाल कोट म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. धुरात उभं राहिलं की कळतं, आपला कोण हे ओळखायला रंगच लागतो, हुकूम पोचायला ढोल लागतो आणि परतायची जागा कळायला निशाण. त्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा शंभर मीटरपलीकडे एका माणसावर नेम लागायची खात्री नव्हती, म्हणून खांद्याला खांदा भिडवून एकदम बार. वाचून हे पाठ होतं गं, पटत नाही. पण हे सगळं दिसतं ते विचारणाऱ्यालाच. न विचारता उभा राहिलेला माणूस त्याच धुरातून फक्त फोटो घेऊन घरी जातो.

आता तुझी खरी अडचण, मरणाचा खेळ. इथे मी तुला सूट देणार नाही. आपल्याकडे पडलेला माणूस उठून कपडे झटकतो, आणि लांबून आलेल्या कुणालाच पहिल्या फैरीत मरायचं नसतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक मेले. ते कुठल्या मैदानात दाखवणार? म्हणून सोडून जायचं नाही. म्हणूनच विचारायचं, की आपण काय दाखवत नाही आहोत? 1913 मध्ये त्याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला 50 वर्षं झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे 50 हजारांहून जास्त जुने सैनिक तिथे जमले आणि ज्या दगडी भिंतीपाशी ते लढले होते तिच्यावरूनच त्यांनी हस्तांदोलन केलं. डोळ्यांत पाणी यावं असं दृश्य. राष्ट्राध्यक्ष विल्सन म्हणाले, भांडण विसरलं गेलं. ज्या गुलामगिरीपायी ते भांडण पेटलं, तिचं नावही त्यांच्या भाषणात नव्हतं. देखावा चोख होता, प्रश्न गाळला होता.

उलट इंग्लंडमध्ये ऑरग्रीव्हला 1984 च्या संपात खाणकामगार आणि पोलीस यांची झालेली चकमक 2001 मध्ये पुन्हा उभी केली, तेव्हा त्या दिवशी खरोखर तिथे असलेले खाणकामगार त्यात उतरले, आणि काहींनी तर पोलिसांचा गणवेश चढवला. ज्याने मार खाल्ला त्याने मारणाऱ्याच्या जागी उभं राहायचं! याला कोण लुटुपुटूचं म्हणेल?

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील. आमच्या तुकडीत नवा आला की मी त्याला आधी प्रश्न विचारायला लावायचो, बंदूक नंतर. लोक कंटाळले, चांगले मित्र वेगळे झाले, त्यातला एक तर माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही. त्याचं दुःख आहे. पण तो नियम मी सैल केला असता तर आमच्याकडे उरलं काय असतं? कपडेच ना? आजही मी तेच करीन. हट्टी म्हण, चालेल.

तेव्हा यंदाचा हंगाम सोडू नकोस. या वेळी बंदूक दुसऱ्याला दे आणि पाणी वाहणाऱ्यांत जा, किंवा जखमी उचलणाऱ्यांत. खेळ संपल्यावर दोरीपलीकडच्या मुलांशी तू बोल. मेलेले उठले ते का उठले, आणि खरे मेलेले कुठे गेले, हे त्यांना सांग. आणि पुढच्या सरावाआधी तुझा प्रश्न मला लिहून पाठव. गणवेशाबद्दलचा नको.

तुझा,
काका