रम संपली एवढी, मग पैसे कमी का?

प्रश्न: वाशीला आमचं परमिट रूम आहे, काउंटर भाऊ बघतो, हिशोब मी करते. गेल्या आठवड्यात एका ब्रँडची रम जेवढी संपली तिचे ३० एमएलला १२० रुपयांनी ३९,००० यायला हवे होते, बिलं झाली ३४,२०० ची. त्यातल्या दोन फुल बाटल्या २,५०० ने गेल्या, हॅपी अवर्सला ५० लार्ज (६० एमएलचे) २०० ने. भाऊ बारमनला काढायचं म्हणतोय. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या पोराला काढू नका, ४,८०० चा फरक दिसतोय तो सगळा चोरीचा नाहीये. खप तुम्ही बरोबर काढलाय, तुमच्या वहीप्रमाणे आठवड्याच्या सुरुवातीचा साठा म्हणजे ओपनिंग ४,२०० एमएल, आलेल्या १२ बाटल्यांचे ९,०००, त्यातून शेवटी उरलेला साठा म्हणजे क्लोजिंग ३,४५० गेलं की ९,७५० एमएल, म्हणजे ३० एमएलचे ३२५ पेग. गडबड पुढे झालीये, सगळे पेग एकाच रेटने धरलेत. दोन बाटल्यांचे १,५०० एमएल, त्याचे ५,०००. हॅपी अवर्सचे ३,००० एमएल, त्याचे १०,०००. राहिले ५,२५० एमएल म्हणजे १७५ पेग, त्याचे २१,०००. एकूण झाले ३६,०००, आणि खरी तूट फक्त १,८०० ची, म्हणजे १५ पेग, ४५० एमएल.

आता हे ४५० गेले कुठे? बाटल्या सोडून, एका लार्जचे दोन धरून, साधारण २६० स्मॉलचं (३० एमएलच्या पेगचं) बिल झालंय, प्रत्येकात पावणेदोन एमएल जरी जास्त पडली तरी तेवढे होतात, आणि गर्दीच्या वेळी मेजर (मापाचा छोटा पेला) न वापरता हाताने ओतलं की एवढी जास्त पडतेच. म्हणून आधी मेजर सक्तीचं करा. दुसरं म्हणजे उघडी बाटली डोळ्याने अर्धी-पाऊण धरू नका, डिजिटल काट्यावर ठेवा, त्याच ब्रँडच्या रिकाम्या बाटलीचं वजन वजा करा आणि उरलेल्या ग्रॅमना ०.९५ ने भागा. ४७५ ग्रॅम आले तर ५०० एमएल. आपल्याकडच्या ४२.८ टक्के अल्कोहोलवाल्या रम-व्हिस्कीला हे चालतं, लिक्युअरला नाही, त्यात साखर असते.

फुटलेली बाटली, ओळखीतल्याला दिलेला फुकट पेग, कॉकटेलमध्ये गेलेली रम, सगळं त्याच रात्री लिहा, नंतर कोणालाच आठवत नाही. बीअर बाटलीवर मोजता येते, तिची काळजी नको. आणि हो, बिलाची रक्कम व्हॅट वगळूनच धरा, आणि स्टॉक मोजायचा तो रात्री बिलिंग बंद झाल्यावर, सकाळी नाही.