वाचकांचे प्रश्न : एक गेमपॅड, दोन भाऊ

प्रश्न : माझा थोरला मुलगा नववीत आणि धाकटा पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या त्यांच्या आतेभावाने घरच्या कॉम्प्युटरवर ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ हा गेम घालून दिला. आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेल्या दोन भावांची ती गोष्ट आहे, एवढे मला समजले. पण तेव्हापासून घरात रोज वाद होतो. गेम चालवण्यासाठी दोन्ही हातांत धरायचा गेमपॅड एकच आहे. थोरला म्हणतो की हा गेम एकट्यानेच खेळायचा असतो आणि धाकटा म्हणतो की गोष्ट दोघांची आहे, तर त्यातला एक भाऊ माझा. यात खरे कोणाचे? शिवाय आतेभाऊ जाताना ‘मामी, शेवटी रडू येतं हं,’ असे सांगून गेला आहे. मुलांना तो खेळू द्यावा का?
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : थोरल्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि तरीही धाकट्याचा हट्ट पुरवण्यासारखा आहे. हा गेम स्वीडनमधील स्टारब्रीझ स्टुडिओने 2013 साली आणला, तो एका खेळाडूसाठीच रचलेला होता. इटलीतील एका स्टुडिओने 2024 च्या फेब्रुवारीत त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती काढली आणि तीत दोघांनी मिळून खेळण्याची सोय दिली. आपल्या घरी कोणती आवृत्ती आहे हे पत्रावरून कळत नाही. पण गेमपॅडवरून वाद होतो आहे त्या अर्थी ती जुनी असावी, असे धरून लिहितो.

या गेमचे सारे मर्म गेमपॅडच्या मांडणीत आहे. डाव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीने, थोरला भाऊ नाया चालतो, उजव्या स्टिकने धाकटा नायी चालतो, आणि त्या त्या बाजूचा ट्रिगर, म्हणजे बोटाखाली येणारे कडेचे बटण, दाबला की तो तो भाऊ समोरची वस्तू पकडतो, ओढतो किंवा समोरच्या माणसाशी बोलतो. प्रत्येक भावाला एक हात आणि एक बटण, याखेरीज शिकण्यासारखे काहीच नाही. तरीही पहिला अर्धा तास हात गोंधळतात. विशेषतः चालता चालता थोरला पडद्याच्या उजवीकडे गेला आणि धाकटा डावीकडे आला, की आपला अंगठा भलत्याच भावाला भिंतीवर नेऊन आपटतो. अशा वेळी दोघांना पुन्हा आपापल्या बाजूला आणून घ्यावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

कोडी अवघड नाहीत. नववीतला मुलगा कुठेही फार वेळ अडकणार नाही. थोरल्याच्या अंगात जोर आहे, म्हणून जड दांडे तो ओढतो. धाकटा अंगाने बारीक आहे, म्हणून गजांच्या फटीतून तो पलीकडे जातो. शेतात अंगावर येणारा कुत्रा असतो, तेव्हा एकाने त्याचे लक्ष वेधायचे आणि तेवढ्यात दुसऱ्याने पुढे सरकायचे. एके ठिकाणी दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलेला असतो. एक जण कठडा घट्ट धरून राहतो आणि दुसरा झोका घेऊन पुढची पकड गाठतो. त्या वेळी धरून राहिलेल्या भावाचा ट्रिगर सोडायचा नसतो, हे बोटाला सतत आठवावे लागते. भावाला धरून ठेवणे म्हणजे काय, ते इथे वाचून किंवा पाहून कळत नाही, ते बोटाला कळते. हा गेम मला इतका मोलाचा वाटतो तो याचसाठी.

धाकट्याला पाण्याची भीती आहे, कारण त्याची आई त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. त्यामुळे पाणी आले की तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो आणि थोरला त्याला घेऊन पोहतो. पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून आणि थोरल्या भावाच्या खांद्याला धरून ज्यांनी पोहण्याचे पहिले हात मारले आहेत, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.

गेममधील माणसे कोणत्याही ओळखीच्या भाषेत बोलत नाहीत. त्यांची बोली काल्पनिक असून तिचे वळण लेबनॉनमधील अरबीचे आहे. गेमचे दिग्दर्शक जोसेफ फारेस हे मूळचे बैरूतचे. ते लहानपणी कुटुंबासह स्वीडनला गेले आणि गेमकडे वळण्यापूर्वी चित्रपट दिग्दर्शित करत होते. शब्द कळत नसल्यामुळे भावांचे स्वभाव त्यांच्या वागण्यातूनच ओळखावे लागतात. विहिरीपाशी गेल्यावर थोरला आत वाकून पाहतो आणि धाकटा आत थुंकतो, एवढ्यावरून दोघेही कळतात. वाटेत जागोजागी बाक आहेत. त्यांवर दोघांना बसवले की समोरचा सारा मुलूख दिसतो आणि काहीही घडत नाही. मुलांना तिथे घाई करू देऊ नये.

आता रडू येण्याबद्दल. आईला ठाऊक असावे म्हणून पुढे शेवट सांगतो आहे. ज्यांना तो आधी कळायला नको, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

थोरला भाऊ वाचत नाही. धाकट्याला त्याला स्वतःच्या हातांनी पुरावे लागते. मी हा गेम पहिल्यांदा खेळलो तेव्हा त्यानंतरही माझा डावा अंगठा स्टिकवर तसाच होता. तो हलवला तरी पडद्यावर काहीच हलत नव्हते. मग घराच्या वाटेवर पाणी आडवे येते. धाकटा काठाशी थबकतो आणि उजव्या बाजूने काहीही केले तरी पोहत नाही. काही वेळाने बोट आपसूक डाव्या ट्रिगरवर जाते, म्हणजे थोरल्याच्या बटणावर, आणि तो पोहू लागतो. पुढे त्याला एकट्याला न हलणारा दांडाही याच बटणाने हलतो. औषध घरी पोहोचते आणि वडील वाचतात. अखेरच्या दृश्यात वडील आणि धाकटा दोन थडग्यांपुढे उभे असतात.

तेव्हा माझे मत असे की दुसरा गेमपॅड आणायची गरज नाही. एकच गेमपॅड दोघांनी धरावा. थोरल्याने डावीकडे बसून डावी बाजू सांभाळावी आणि धाकट्याने उजवीकडे बसून उजवी. एकट्याने खेळताना दोन हातांचा जो मेळ बसतो तो अशा वेळी बसणार नाही, आणि ती उणीव खरी आहे. पण वर सांगितलेल्या पाण्याच्या जागी काय होईल ते पाहावे : धाकट्याच्या हातात करण्यासारखे काही उरलेले नसेल आणि बटण थोरल्यालाच दाबावे लागेल. तिथे कोणीही त्यांना ते सुचवू नये. वेळ लागला तरी लागू द्यावा.

गेम तीनएक तासांचा आहे, त्यामुळे दोन-तीन बैठकांत तो संपेल. पाचवीतल्या मुलासोबत मात्र मोठे माणूस बसलेले असावे. वाटेत एक माणूस झाडाला गळफास घेण्याच्या बेतात असतो आणि भावांनी मनावर घेतले तर ते त्याला वाचवू शकतात. पुढे मेलेल्या राक्षसांनी भरलेली रणभूमी आहे आणि तिथे रक्ताचे पाट वाहतात. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल, तर हा गेम काही महिने बाजूला ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. घरी फक्त टॅब आहे. भावंडांनी मिळून सोडवावा असा, पण भीती न वाटणारा एखादा गेम सुचवाल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘लॉस्ट इन प्ले’ घ्यावा. इस्राएलमधील हॅपी ज्यूस गेम्स या छोट्या स्टुडिओने तो 2022 मध्ये आणला आणि 2023 मध्ये तो फोन व टॅबवर आला. त्याच वर्षी अॅपलने त्याला आयपॅडवरील वर्षातील सर्वोत्तम गेम म्हणून निवडले. खेळात रमलेले भाऊ-बहीण कल्पनेच्या जगात वाट चुकतात आणि घरी परतण्याचा मार्ग शोधतात, अशी ती गोष्ट आहे आणि हाताने काढलेल्या कार्टूनसारखी ती दिसते. वाचण्यासारखा मजकूर जवळजवळ नसल्यामुळे पाच वर्षांच्या मुलालाही सारे समजते. दोघांनी एकाच वेळी चालवण्याची सोय त्यात नाही. पडद्यावर बोट एकाचेच असते. मात्र काही कोडी आठ वर्षांच्या मुलीलाही जड जातील, आणि अशा वेळी धाकट्याने कोपऱ्यातली वस्तू आधी पाहिलेली असते. अडल्यास गेममध्येच सूचना मिळते. ती मागायची की नाही, हे दोघांनाच ठरवू द्यावे.