मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर 1968 मध्ये मारले गेले नसते, तर अमेरिकेतील गोऱ्या-काळ्यांचे संबंध आज वेगळे असते का?

वेगळे असते, पण अधिक गोडीचे असते असे मला वाटत नाही. किंग हे दोन समाजांना सांधणारे, सर्वांना हवेहवेसे वाटणारे नेते होते आणि ते गेल्यामुळे सगळे विस्कटले, असे या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. शेवटच्या दोन वर्षांतले किंग असे नव्हते. 1966 साली गॅलप या जनमत संस्थेने घेतलेल्या पाहणीत 63 टक्के अमेरिकनांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत दिले होते. त्याच वर्षी ते शिकागोत घरांचा प्रश्न घेऊन उतरले, तेव्हा मार्क्वेट पार्कच्या मोर्चात त्यांच्या डोक्यावर दगड बसला आणि असा द्वेषाने पेटलेला जमाव आपण दक्षिणेकडील मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नव्हता, असे त्यांनी नंतर सांगितले. 4 एप्रिल 1967 रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, तेव्हा ज्या उदारमतवादी वृत्तपत्रांनी त्यांना एकेकाळी डोक्यावर घेतले होते, त्यांनीच त्यांच्यावर टीकेचे अग्रलेख लिहिले. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, 4 एप्रिल 1968 रोजी, मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. त्यांचे वय तेव्हा 39 होते.

मी मूळचा नागपूरचा असून बरीच वर्षे मेम्फिसच्या एका सार्वजनिक माध्यमिक शाळेत गणित शिकवले, आणि हाच प्रश्न माझे आतेभाऊ मला निरनिराळ्या शब्दांत सतत विचारत आले आहेत. म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे. त्यांना आम्ही घरात दादा म्हणतो. ते 1970 च्या सुमारास डॉक्टर म्हणून अमेरिकेत आले आणि न्यू जर्सीत स्थायिक झाले. वडीलधारे आहेत, पहिल्या दिवसांत त्यांनी मला आधार दिला, त्यामुळे त्यांच्याविषयी मनात आदर आहेच. परंतु या एका विषयावर मी त्यांचे ऐकून घेऊ शकत नाही.

एका उन्हाळ्यात दादा आणि वहिनी आमच्याकडे आले असताना मी त्यांना लॉरेन मोटेल दाखवायला घेऊन गेलो. तिथे 1991 पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. किंग उतरले होते ती 306 क्रमांकाची खोली काचेपलीकडे जशीच्या तशी ठेवलेली आहे आणि बहुतेक पाहुणे तिच्यासमोरच रेंगाळतात. मी मात्र दादांना आधी कचऱ्याच्या गाडीपाशी नेले. किंग मेम्फिसला कशासाठी आले होते हे त्या गाडीशिवाय कळत नाही. तिच्याभोवती हातात फलक घेतलेल्या संपकरी सफाई कामगारांचे पुतळे आहेत आणि प्रत्येक फलकावर एकच वाक्य आहे: मी माणूस आहे. दादांनी गाडीला फेरी मारली आणि म्हणाले, "हा माणूस जगायला हवा होता रे. तो असता तर त्याने यांना धीर धरायला शिकवले असते, ही दंगलीबिंगलीची वाट लागली नसती. आपणही रिकाम्या हाताने आलो, शिकलो, कष्ट केले. यांना कोणी अडवले होते?"

वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावले, पण मी बोललो. 1 फेब्रुवारी 1968 रोजी मेम्फिसमध्ये जोराचा पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे सफाई कामगार आडोसा म्हणून अशाच एका जुनाट गाडीच्या मागच्या भागात शिरले. गोऱ्यांच्या वस्तीत कुणाच्या ओसरीवर उभे राहण्याची काळ्या कामगारांना मुभा नव्हती. गाडीतले कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडले गेले. शहराने त्यांच्या कुटुंबांना एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी 500 डॉलर दिले. त्या गाड्या धोकादायक आहेत ही तक्रार कामगार आधीपासून करत होते. 12 फेब्रुवारीपासून सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. दिवसभर राबूनही कुटुंबाला सरकारी मदत घ्यावी लागेल अशी त्यांची मजुरी होती. कष्ट करा म्हणून त्यांना कोणी शिकवायचे होते?

माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे आजोबा त्या संपात होते. पालकसभेला तिच्यासोबत तेच येत असत. शांत, मोजके बोलणारे गृहस्थ होते. एकदा सभा संपल्यावर त्यांनी मला कचऱ्याच्या टोपल्यांविषयी सांगितले. घरांच्या मागच्या अंगणात जाऊन कचरा गोळा करायचा, तो मोठ्या टोपलीत भरायचा आणि टोपली खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायची, असे काम होते. टोपल्यांना भोके पडलेली असत आणि त्यांतून गळणारे पाणी मानेवरून पाठीवर उतरे. घरी गेल्यावर बायको त्यांना मागच्या दारी कपडे काढायला लावी, कारण अंगावर अळ्या असत. पाऊस आला की काळ्या कामगारांना बिनपगारी घरी पाठवत, गोरे मुकादम मात्र पूर्ण दिवसाचे पैसे घेत. हे सारे ते काहीही न रंगवता सांगत होते. मधूनच स्वतःच्या मानेवर हात ठेवून टोपली कुठे टेकत असे ते दाखवत होते. संप मिटला, युनियनला मान्यता मिळाली, परंतु या कामगारांना शहराचे निवृत्तिवेतन नव्हते, फक्त सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारची सर्वसाधारण वृद्धापकाळाची मदत, होती, म्हणून अनेक जण म्हातारपणीही कचऱ्याच्या गाडीवर जात राहिले. हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी 50,000 डॉलर देण्याची घोषणा शहराने केली ती 2017 साली. या लोकांनी धीर धरला नाही असे म्हणणाऱ्याने किती वर्षांचा धीर पुरेसा होतो ते सांगावे. आणि धीर धरा असा सल्ला किंग यांनी दिला असता हे तर अगदीच चूक आहे. 1963 साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी सर्वात कडक शब्द वापरले ते "योग्य वेळेची वाट पाहा" असे सांगणाऱ्या गोऱ्या नेमस्तांविषयी.

नागपूरच्या माणसाने हे बोलावे याचे मला विशेष वाईट वाटते, त्याला कारण आहे. या संपात किंग यांना मेम्फिसला बोलावणारे पाद्री जेम्स लॉसन हे होते. कोरियाच्या युद्धात सैन्यभरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगून ते 1953 मध्ये नागपूरला आले आणि 1956 पर्यंत आमच्या हिस्लॉप कॉलेजात राहिले. तिथे ते शिकवत आणि मुलांना खेळांचे प्रशिक्षण देत. गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे राहून केला. बसमधील वर्णभेदाविरुद्ध काळ्यांनी माँटगोमेरीत केलेल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्याच वर्तमानपत्रात. परत गेल्यावर 1957 मध्ये त्यांची किंग यांच्याशी भेट झाली आणि किंग यांनी त्यांना ताबडतोब दक्षिणेत येण्याचा आग्रह केला. नॅशव्हिलमध्ये लॉसन यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. कोणी थुंकले, ओढले, मारले तरी जागेवर कसे बसून राहायचे याचा त्यांत एकमेकांवर सराव करून घेतला जाई. जॉन लुईस आणि डायान नॅश त्याच कार्यशाळांतून पुढे आले, आणि याच कामासाठी 1960 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. मी आणि दादा दोघेही हिस्लॉपचे विद्यार्थी. त्या इमारतीत शिकूनही हे नाव आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही, ते मला मेम्फिसमध्ये कळले.

तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वात भक्कम उत्तर लॉसन यांच्या आयुष्यात आहे. किंग यांच्यापेक्षा ते जेमतेम चार महिन्यांनी वडील होते आणि ते जगले. 2024 च्या जूनमध्ये 95 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 1974 पासून ते लॉस एंजेलिसला होते आणि हॉटेलांतील कामगार, सफाई करणारे स्थलांतरित यांच्या संघटनांना अहिंसक लढ्याचे शिक्षण देत राहिले. किंग जगले असते तर बहुधा हेच करत राहिले असते. त्यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी निघाली नसती, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 1983 मध्ये तिच्या कायद्यावर सही केली नसती, आणि मजुरी, घरे, युद्धखर्च यांवर बोलणारा एक कटकट्या म्हातारा म्हणून बऱ्याच गोऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली असती. मारला गेलेला किंग सर्वांना चालतो, कारण तो नवीन काही मागत नाही.

आता एक गैरसोयीची गोष्ट. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्णावरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा 11 एप्रिल 1968 रोजी, म्हणजे हत्येनंतर आठवड्याभरात, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने अस्तित्वात आला. सिनेटने तो मार्चमध्येच मंजूर केला होता, परंतु प्रतिनिधिगृहात तो अडून होता. शंभराहून अधिक शहरे पेटलेली असताना प्रतिनिधिगृहाने 10 तारखेला तो संमत केला. किंग जिवंत असते तर तो त्या स्वरूपात आणि त्या वर्षी आलाच असता, याची खात्री मला वाटत नाही.

दादांना मी त्या दिवशी संग्रहालयाच्या बाहेर याच कायद्याची आठवण करून दिली. आमच्या प्रत्येक कौटुंबिक समारंभात ते एक प्रसंग अभिमानाने सांगतात. न्यू जर्सीत पहिले घर शोधताना फोनवर "जागा रिकामी आहे" म्हणणाऱ्या मालकाने त्यांचा चेहरा पाहताच "कालच दिली" असे सांगितले. रुग्णालयातील एका सहकाऱ्याने त्यांना नवीन कायद्याखाली तक्रार करायला सुचवले, आणि तक्रारीचा नुसता उल्लेख होताच किल्ली हातात आली. दादा ही गोष्ट स्वतःच्या चिकाटीची म्हणून सांगतात. ती किल्ली मेम्फिसमधल्या मृत्यूतून आली होती. त्यांचा व्हिसासुद्धा 1965 च्या स्थलांतर कायद्यामुळे मिळाला, आणि आशियाई लोकांना जवळपास बंद असलेले दार उघडणारा तो कायदा नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणाशिवाय संमत झाला नसता. रिकाम्या हाताने आलो हे खरे, पण दार आधीच कोणीतरी उघडून ठेवले होते.

काय बदलण्याची शक्यता सर्वात जास्त होती, असे विचाराल तर 1968 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. विजयी झालेल्या निक्सन यांची प्रतिस्पर्धी हंफ्रींवरची लोकमतातील आघाडी एक टक्क्याहूनही कमी होती आणि त्यांच्या प्रचाराचा मोठा भर कायदा व सुव्यवस्थेवर होता. एप्रिलचे ते वणवे पेटले नसते, तर निकाल उलटा लागण्याची शक्यता मी गंभीरपणे धरतो. किंग यांनी आखलेल्या वॉशिंग्टनवरील गरिबांच्या मोर्चाचे मात्र फारसे निराळे झाले नसते. किंग यांच्या पश्चात त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनाथी यांनी वॉशिंग्टनमध्ये झोपड्यांची वसाहत उभारली, ती पावसाच्या चिखलात रुतली आणि 24 जूनला पोलिसांनी उठवली. किंग असते तर गर्दी अधिक जमली असती, काँग्रेसने पैसे मात्र तितकेच दिले असते.

हे सर्व लिहून झाल्यावर काही मर्यादा नोंदवतो. एफबीआयने किंग यांचे फोन वर्षानुवर्षे चोरून ऐकले होते, तेव्हा ते जगले असते तरी बदनामीच्या मोहिमेत टिकले असते की नाही हा प्रश्न उरतोच. कारखाने बंद पडणे, गोऱ्यांनी शहरे सोडून उपनगरांत जाणे, या गोष्टी एका माणसाने थांबवण्यासारख्या नव्हत्या. 1973 मध्ये मेम्फिसमध्ये शाळांच्या एकत्रीकरणासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याची योजना आली, तेव्हा हजारो गोऱ्या पालकांनी मुलांची नावे सार्वजनिक शाळांतून काढून खाजगी शाळांत घातली. मी शिकवायला लागलो तेव्हा माझ्या वर्गात एकही गोरा विद्यार्थी नव्हता. किंग यांच्या भाषणाने ते पालक परत आले असते, असे मी मानत नाही.

तुम्ही विद्यार्थी असाल तर माझा सल्ला असा की किंग यांचे 1963 चे "माझे एक स्वप्न आहे" हे भाषण बाजूला ठेवा आणि 1966 ते 1968 या काळातील त्यांची भाषणे वाचा, लॉसन यांच्या मुलाखती ऐका. हे उत्तर मी दादांनाही पाठवत आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे "आपण वेगळे" असे लिहून पाठवण्याआधी, 1965 चा कायदा झाला नसता तर आपण नागपुरात असतो की न्यू जर्सीत, एवढ्याचे उत्तर द्यावे.