लेक ख्मेर नृत्य शिकते आहे, तिला थांबवावे का?

कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी तिथल्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकते. गेल्या वर्षी एका मैत्रिणीबरोबर ती कंबोडियन, म्हणजेच ख्मेर, विद्यार्थ्यांच्या मंडळात सहज म्हणून गेली, ती तिथलीच झाली. मंडळाच्या वार्षिक सांस्कृतिक कार्यक्रमासाठी आता आठवड्यातल्या चार संध्याकाळी तालीम असते, आणि पाडव्याच्या दिवशीही तालीम असल्यामुळे तिने मराठी मंडळाच्या लेझमीत उतरायला नकार दिला. वडील फार दुखावले आहेत. 'स्वतःची लेझीम टाकून ही दुसऱ्यांची संस्कृती जपायला निघाली आहे, तिला थांबवावे का?' असे या आईने विचारले आहे.

थांबवू नये, असे मी मनापासून सांगेन. त्याआधी ती कोणाच्या घरात गेली आहे, हे आईवडिलांनी नीट समजून घ्यावे.

१९६०च्या दशकात कंबोडियातून काही विद्यार्थी लाँग बीचच्या विद्यापीठात शिकायला आले होते. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट संघटनेने कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली, आणि पुढे जे निर्वासित अमेरिकेत पोहोचले त्यांना आधार देणाऱ्यांत इथेच राहिलेले हे जुने विद्यार्थी होते. आज अॅनहाइम स्ट्रीटच्या ज्या भागाला २००७ पासून अधिकृतपणे 'कंबोडिया टाउन' म्हणतात, त्या वस्तीच्या मुळाशी अशी मूठभर विद्यार्थी मंडळी आहेत. ख्मेर रूजच्या जानेवारी १९७९ पर्यंतच्या पावणेचार वर्षांच्या राजवटीत कंबोडियात १५ ते २० लाख माणसे उपासमारीने, आजाराने, अतिश्रमाने आणि हत्याकांडात गेली. राजदरबारातील नर्तकी, वादक आणि त्यांचे गुरू यांच्यापैकी फारच थोडे वाचले. जी कला पुस्तकात नव्हती, गुरूच्या हातातून शिष्येच्या हातात जात होती, तिचे हातच नाहीसे झाले. जे वाचले त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत मुलींना पुन्हा शिकवायला सुरुवात केली. तुमची मुलगी ज्या तालमीला जाते, तिच्यामागे हे सगळे आहे.

या मंडळांतील बहुतेक मुलांचा जन्म अमेरिकेतला. त्यांचे आजी-आजोबा त्या वर्षांविषयी बोलत नाहीत. कित्येक आईवडिलांचे आयुष्य पहाटेपासून डोनटच्या दुकानात उभे राहण्यात गेले, त्यामुळे शिकवायला त्यांना वेळ कुठला? मग ही मुले विद्यापीठात आल्यावर स्वतःच शोधायला लागतात. लग्नात नाचताना आजी हात असाच का फिरवते, हे नातवंड घरी जाऊन विचारते. या हस्तमुद्रांना ख्मेरमध्ये 'क्बाच' म्हणतात. त्यांत बोटे मागे वळवून पान, फूल, फळ दाखवावे लागते, आणि त्यासाठी पारंपरिक शिक्षणात लहानपणापासून हात वळवून घेतात. अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांची बोटे तशी वळत नाहीत, तरीही ती रात्री उशिरापर्यंत मनगट दुसऱ्या हाताने मागे दाबत बसतात.

आता एक गोष्ट मी जरा स्पष्टच लिहिते. आपल्या मंडळांत आपण मुलांना रंगमंचावर उभे करतो. गाणे आपण निवडतो, कपडे आपण भारतातून मागवतो, आणि 'टाळ्या वाजवा' हेही आपणच सांगतो. मी स्वतः अनेक वर्षे गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम बसवले. त्यांतल्या एकाही मुलाने मला लेझीम कुठून आली हे विचारले नाही, कारण विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. तुमच्या मुलीच्या त्या मंडळात सभागृह ठरवण्यापासून हिशेबापर्यंत सगळे एकोणीस-वीस वर्षांची मुलेच करतात, आणि वडीलधाऱ्यांकडे जातात ती शिकायला. मागून मिळालेल्या गोष्टीची गोडी वेगळी असते. परीक्षा जवळ आल्यावर तालमी किती आणि रात्री घरी सोडायला कोण, एवढे तिच्याशी बोलून ठरवा. बाकी तिच्यावर सोडा.

पालकांनी मात्र एक पथ्य पाळावे. 'हे सगळे आपल्याकडूनच तिकडे गेले' हे वाक्य त्या मुलांसमोर उच्चारू नये. कंबोडियातले अंगकोर वाट मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने विष्णूसाठी बांधले आणि त्यांची रामकथा 'रामकेर' रामायणातून आली, हे खरेच आहे. परंतु त्या कथेचे ख्मेर लोकांनी शतकानुशतके जे केले, ते त्यांचे आहे. पत्रात लिहिले आहे की मुलगी सोवन माच्छाच्या नृत्यात मासोळी होणार आहे. ही सोवन माच्छा म्हणजे रावणाची कन्या, माशांची राणी. लंकेचा सेतू बांधताना ती आपल्या मासोळ्यांकरवी शिळा चोरून नेते, हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि तिच्या प्रेमात पडतो. गावोगावच्या वेशीवर ब्रह्मचारी मारुतीला शनिवारी तेल वाहणाऱ्या आपल्या मनाला हे चटकन रुचणार नाही. तरी तिथे चूक काढू नका. मासोळ्या शिळा उचलतात, वानर त्या परत आणतात, आणि त्या झटापटीतून हळूहळू अनुनय कसा उमटतो, ते पाहा.

जवळीक हवी असेल तर ती भाद्रपदात सापडेल. ख्मेर पंचांगातही हा महिना 'फोत्रबोत' या नावाने आहे, आणि आपला पितृपक्ष असतो त्याच वद्य पंधरवड्यात त्यांचा 'प्चुम बेन' असतो. 'बेन' म्हणजे आपला पिंड. ख्मेर माणसे पहाटेच्या अंधारात विहाराच्या आवारात भाताचे गोळे टाकतात, भुकेल्या पितरांसाठी. ज्यांच्या घरातली माणसे कुठे पडली हेही कोणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा पंधरवडा काय असेल याची कल्पना करा. मैत्रिणीच्या घरून बोलावणे आले तर सगळ्यांनी जरूर जा, जेवण घेऊन जा, दोन्ही हात जोडून नमस्कार करा. तोही त्यांच्याकडे तसाच आहे. आजींना १९७५ नंतरचे काही विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितले तर ऐकून घ्या.

वडिलांना एक विनंती आहे. लेझमीचा विषय तूर्त काढू नये. तिला तालमीला सोडायला एकदा स्वतः जावे आणि तासभर मागच्या खुर्चीवर बसावे. मुले कमरेचे वस्त्र नेसून त्याचा पिळलेला पदर पायांतून मागे खोचताना दिसतील. त्याला 'चाङ क्बेन' म्हणतात, पण आपल्या घरात काष्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते नेसवायला शिकवावे लागणार नाही. घरी परतताना ती आपल्या पणजीच्या नऊवारीबद्दल काही विचारेल, तर जेवढे माहीत आहे तेवढे सांगावे, आणि जे माहीत नाही त्यासाठी दोघांनी मिळून भारतात फोन लावावा.

आणि आईंनी कार्यक्रमाच्या दिवशी प्रेक्षागृहात न बसता दुपारीच मागच्या खोलीत जावे. ख्मेर शास्त्रीय नृत्याची जरीटिकल्यांची चोळी परंपरेने नर्तकीच्या अंगावरच टाके घालून घट्ट शिवतात आणि नाच संपल्यावर ते टाके कापतात. त्या घाईच्या वेळी सुई चालवणारा हात कोणालाही हवाच असतो. सोबत मजबूत दोरा आणि लहान कात्री न्यावी.