मुलीला बारावीनंतर नर्सिंग करायचं आहे. घरचे म्हणतात रात्रपाळीचं काम, लग्नाला अडचण येईल. पाठवावं का?

पाठवा.

लग्नाचं म्हणाल तर माझी आई नागपुरात सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं सिस्टर होती. तिचं लग्न झालं, पुरावा मीच. दवाखान्याचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच.

ड्यूटी मेडिसिन वॉर्डला. मे महिन्यात उष्माघाताचा कोल्ड वॉर्ड उघडला की आधी तिलाच तिकडे टाकायचे. अशाच एका रात्री, तीनच्या सुमारास, दोन दिवस न झोपलेल्या एका निवासी डॉक्टरनं ऑर्डर लिहिली : पोटॅशियम क्लोराइड एक अँप्युल, आयव्ही. कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं, काही नाही. पोटॅशियम तसंच शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. ते सलाईनमध्ये पातळ करून हळूहळूच सोडावं लागतं. आई म्हणाली, "सर, असं मी देणार नाही." तो ओरडला, "लिहिलंय तेवढं करा." तिनं अँप्युल एप्रनच्या खिशात टाकली आणि पेशंटच्या खाटेशी उभी राहिली.

अर्ध्या तासानं तोच आला आणि ऑर्डरपुढे "५०० मिली एनएसमध्ये, हळू" एवढं जोडून गेला. एनएस म्हणजे सलाईनच. बोलला काही नाही. उद्धटपणाबद्दल मेमो मात्र आईला मिळाला. अजून आहे तो, कपाटात साड्यांच्या खाली.

सिस्टर म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचं माणूस, असं घरी कोणी म्हणत असेल तर हे ऐकवा.

शिकाऊ मुलींकडून ती सलाईनचे थेंब मोजून घ्यायची. वीस थेंबांचा एक मिली, ५०० ची बाटली आठ तासांत संपवायची तर मिनिटाला एकवीस. मीही गुणाकार तसाच शिकले. त्यातल्या कितीतरी जणी आज इनचार्ज आहेत. अडलं की रात्री अकरालाही फोन येतो, "मॅडम, एक विचारू?"

आणि हीच बाई मला म्हणाली, "तू नको करू. माझ्या पायाच्या शिरा बघ." मी बी.कॉम. केलं, बँकेत लागले. पाय माझेही सुजतात, बसून बसून. हे मी तिला दर दिवाळीला ऐकवते.

बाकी, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंगची पदवी चार. जमत असेल तर बीएस्सीच, सीईटीची तयारी आत्ताच सुरू करा. कॉलेजची इमारत बघू नका, जोडलेला दवाखाना किती खाटांचा आहे ते बघा आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता तपासा.

हो, खासगीत सुरुवातीचा पगार फार कमी असतो. आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक सिस्टर हा निकष कागदावरच आहे. आई रात्री एकटी चाळीस बघायची. पायाचं ती खोटं बोलत नव्हती.

तरी पाठवा. फक्त आधी एखाद्या रिटायर सिस्टरला विचारायला जाऊ नका, ती नाहीच म्हणेल.