मिंटला दोष देण्याआधी मॅक बाइंडिंग तपासा

"पावसात ऑनबोर्ड लॅन उडालं, लॅमिंग्टन रोडवरून नवं लॅन कार्ड आणलं, त्याच झटक्यात विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. दिवा लुकलुकतो पण नेट नाही, आणि प्रोव्हायडर म्हणतो लाइन ओके आहे." तुमच्या पोस्टमधलं हे वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. तुमच्यावर नाही हो, त्या 'लाइन ओके'वर.

केबल, पेनड्राइव्ह वगैरे बघून झालं असेल असं धरतो. लाइव्ह मिंटमध्येच (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) ही कमांड द्या. इथरनेटच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९' दिसलं तर ड्रायव्हर बसलाय; मग ड्रायव्हर कंपाइल करायच्या भानगडीत पडू नका. ती ओळच नसेल तर गोष्ट वेगळी. कार्ड २.५ गिगाबिटवालं आरटीएल ८१२५ आणि आयएसओ (मिंट टाकायची फाइल) मिंट १९ च्या सुरुवातीची असेल तर त्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, हे कार्ड ओळखताच येत नाही, सपोर्ट कर्नल ५.४ मध्ये आला. नवी आयएसओ घ्या, विषय संपला.

ड्रायव्हर आहे, दिवा आहे, तरी 'कनेक्टिंग'वर नुसतं फिरत राहतं आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही? मग माझा संशय थेट मॅक बाइंडिंगवर. गच्चीवरून लॅनची वायर सोडणारे काही लोकल प्रोव्हायडर गिऱ्हाइकाच्या कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक लॅन कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर) खात्याला बांधून ठेवतात. कार्ड बदललं की मॅक बदलतो, त्यांचा सर्व्हर तुम्हाला उभं करत नाही. मिंट टाका नाहीतर विंडोज, फरक शून्य. तुम्ही कार्ड आणि सिस्टीम एकदमच बदललीत, म्हणून आळ मिंटवर आला.

आमच्याकडे परळला हेच झालं. ऑफिसात फोन केला की एकच टेप: "लाइट लागतोय ना? मग आमच्याकडून ओके आहे. लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोज टाका." खूप डोकं खाल्ल्यावर एक पोरगा आला. माझी वायर काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली, नेट नाही. मग त्याने ऑफिसला फोन लावून लॅपटॉपवरचा एक लांबलचक नंबर वाचून दाखवला, "हां, मार दे", आणि नेट सुरू. "बघा काका, लाइन ओके आहे. तुमच्या पीसीत लोचा आहे." वायर माझ्या हातात देऊन गेला. म्हणजे माझं कनेक्शन आता त्याच्या लॅपटॉपला बांधलेलं, आणि तो लॅपटॉप पुढच्या तक्रारीवर! तो नंबर म्हणजे मॅक, हे लक्षात आल्यावर परत फोन केला, तर "तसं काही नसतं आमच्याकडे". बिल मात्र तारखेला येतं बरं का.

तर उपाय. ऑफिसला 'नेट नाही' म्हणूच नका. "कार्ड बदललंय, मॅक रीसेट करा" म्हणा आणि नवा मॅक वाचून दाखवा. नाहीच ऐकलं तर नेटवर्क कनेक्शनच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या टॅबवर 'क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस'चा रकाना असतो, तिथे जुना मॅक भरा आणि कनेक्शन बंद-चालू करा. ऑनबोर्ड लॅनचा मॅक बऱ्याच मदरबोर्डांवर बारीक स्टिकरवर छापलेला असतो. पण फक्त स्वतःचाच जुना मॅक वापरा. शेजाऱ्याचा उचललात तर एकाच स्विचवर दोन सारखे मॅक येतील आणि दोघांचंही नेट लटकेल.

मी काही नेटवर्क इंजिनिअर नाही, अकाउंट्समधला माणूस आहे. तुमचा प्रोव्हायडर पीपीपीओई (लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) वापरत असेल तर आधी युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करावं लागेल. मिंटमध्ये त्याला डीएसएल कनेक्शन म्हणतात. तेही करून बघा.

आणि माझं ऐकाल तर एक साधा राउटर मध्ये टाकाच. मग बांधला जातो तो राउटरचा मॅक, मागे पीसी कितीही बदला. गच्चीवरच्या वायरीतून वीज आली तर आधी राउटर जातो, मदरबोर्ड वाचायची शक्यता तरी राहते.

तोवर अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून टेदरिंग चालू करा (फोनचं नेट पीसीला मिळतं), मिंटला वेगळा ड्रायव्हर शक्यतो लागत नाही. अपडेट उरकून घ्या आणि 'एलएसपीसीआय'चं इथरनेटवालं उत्तर इथे चिकटवा. आयडी १०ईसी:८१६८ निघाला (म्हणजे आर८१६९ वर चालणारं रिअलटेकचं कार्ड) तर कार्ड बदलायला परत लॅमिंग्टन रोडला जाऊ नका, आधी मॅकचं बघा.